एकाच बाजूला बघणारी बाळं

धाकटी सत्तरीला आली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. घरात थोरली कोण, असं विचारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. विचारलंच कुणी, तर ती हातातलं काम न थांबवता सांगायची, की आम्ही जुळ्या, ती दहा मिनिटं आधी आली आणि चौदा महिन्यांची होऊन गेली. समोरच्याचा चेहरा पडायचा. मग धाकटीच त्याची समजूत घालायची, की अहो, मला काही आठवत नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता.

तिचा प्लॅस्टरच्या नक्षीचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा इतकंच. खाली एक लांबट खोली, मागे पाण्याचा हौद, त्याच्या एका कप्प्यात भिजत ठेवलेली माती, वर राहायची जागा. छताच्या मधोमध बसवायची फुलं, भिंतीच्या वरच्या कडेच्या वेली, खांबांची डोकी, असं सगळं तिथं ओतलं जायचं. तिच्या बाबांच्या काळात नाटकगृहं, बँका, बड्या लोकांचे जिने यांना अशा नक्षीची हौस होती. दिवसभर खोलीत पांढरी धूळ तरंगायची आणि जेवायला बसलेला माणूससुद्धा पिठाच्या गिरणीतून उठून आल्यासारखा दिसायचा. आता सपाट भिंतींचे दिवस आले होते. धाकटी, तिची लेक आणि वर राहणारी म्हातारी आत्या, तिघींना पुरेल एवढं दुरुस्तीचं काम मात्र यायचं.

या कारखान्याचं नाव झालं ते बाळांमुळे. दाराच्या दोन अंगांना बसवायची, पंख असलेली, मनगटाला वळ्या पडलेली बाळं. बाबांनी एकच बाळ मातीत घडवलं होतं आणि त्याचा साचा केला होता. बाळाची मान त्याच्या स्वतःच्या डाव्या खांद्याकडे वळलेली, ओठ मिटलेले, आणि उजव्या गालावर एक खोल खळी. साठ-सत्तर वर्षांत त्या एका साच्यातून निघालेली बाळं गावातल्या चाळीसेक दारांवर जाऊन बसली होती.

पण एका साच्यातून निघालेली दोन्ही बाळं एकाच बाजूला बघणार, हे उघड आहे. साचा उलटा करून बाळाची मान दुसरीकडे वळत नाही. त्यामुळे दाराच्या एका अंगाचं बाळ दुसऱ्याकडे बघायचं आणि दुसरं, त्याच्याकडे पाठ केल्यासारखं, पार रस्त्याकडे. दुसरे कारागीर हसायचे. भांडलेली भावंडं, असंच त्यांनी नाव ठेवलं होतं. गिऱ्हाइकं कुरकुरली की बाबा म्हणायचे, एक घर राखतो, एक रस्ता राखतो, तुम्हाला आणखी काय हवं? लोक हसून घेऊन जायचे. पुढं पुढं तीच कारखान्याची खूण झाली.

हे बाळ म्हणजे धाकटीच, हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. हौदाशेजारी हात धुवायच्या जागी भिंतीवर एक आरसा होता आणि त्याला लागूनच त्या बाळाचं पहिलं ओतलेलं डोकं टांगलेलं होतं. आई तिला कडेवर घेऊन तिथं उभी राहायची आणि म्हणायची, बघ, इथं पण तू, तिथं पण तू. खळी बघ, जिथल्या तिथं. धाकटी हसून बघायची. आरशात डाव्या हाताला खळी, प्लॅस्टरमध्येही डाव्या हाताला खळी. शाळेत जाताना ती मैत्रिणींना बँकेचं दार दाखवायची. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याकडच्यांना बाबांनी फोटो पाठवला नाही. नाटकगृहाच्या दारावर बघून या म्हणाले. ही हकीकत घरात इतकी सांगितली गेली होती, की लेकीला ती स्वतः बघितल्यासारखी पाठ होती.

मात्र थोरलीचं तोंड कुठंच नव्हतं. ना फोटो, ना माती. धाकटीला कधीकधी, एखादं डोकं घासताना, अपराध्यासारखं वाटायचं. आपण चाळीस दारांवर आणि ती एकाही नाही.

त्या वर्षी चर्चच्या मोठ्या दारावरचं एक बाळ पडलं. ओल मुरून मागचा खिळा गंजला होता. सुदैवानं पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पडलं ते रस्त्याकडे बघणारं. फादर एका खोक्यात तुकडे भरून स्वतः घेऊन आले. उंच, किडकिडीत माणूस, काळा झगा. बसायला म्हणून प्लॅस्टरच्या पोत्यावर टेकले आणि उठेपर्यंत झग्याचा मागचा भाग पांढरा झाला. लेकीनं खुणेनं आईला दाखवलं, पण सांगायचं कुणी?

फादरना नवं बाळ हवं होतं, पण आधीच्यासारखं नको होतं. पाठ फिरवलेलं बाळ आपण वीस वर्षं सहन केलं, असं ते म्हणाले, आता देवानंच ते पाडलं आहे तर नवं आतल्या बाजूला बघणारं करा. दोघांची तोंडं समोरासमोर हवीत. शास्त्रात तसं लिहिलेलं आहे.

शास्त्रात बाळं आहेत का, असं लेकीनं विचारलं, आणि तिथं फादरची गाडी जी सुटली ती चहा दोनदा गार होईपर्यंत थांबली नाही. शास्त्रात बाळं मुळीच नाहीत, ते म्हणाले. आहेत ते करूब, आणि करूब म्हणजे भीती वाटावी असा प्रकार. पहिल्या माणसांना देवानं बागेतून बाहेर काढलं तेव्हा त्यांनी परत आत शिरू नये म्हणून वाटेवर ज्यांना उभं केलं ते करूब, जोडीला गरगर फिरणारी जळती तलवार. एका द्रष्ट्याला ते दिसले तेव्हा प्रत्येकाला चार तोंडं होती आणि अंगभर डोळे. त्याच्याही आधी, आजूबाजूच्या राज्यांत, राजवाड्यांच्या दाराशी पंख असलेले आणि माणसाच्या तोंडाचे दगडी बैल उभे करत. करूब त्यांच्याच गोतावळ्यातले असावेत, असं विद्वानांना वाटतं. दार राखणं हे त्यांचं मूळचं काम.

"चार तोंडं म्हणजे साचा किती तुकड्यांचा लागला असता, आई," लेक म्हणाली.

मग ही गुबगुबीत बाळं आली कुठून, हे धाकटीनं विचारलं. आयुष्यभर ती घासली, पुसली, ओतली, पण हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. फादर म्हणाले, ती चित्रकारांनी आणली. जुन्या रोमी लोकांकडे प्रेमाचा एक देव होता, धनुष्यबाण घेतलेला पंखवाला पोरगा. त्याच्यासारखी पोरं ते लोक भिंतींवर काढत, आणि थडग्यांवरही कोरत, लहान मुलांच्या थडग्यांवर तर हटकून. पुढं शेकडो वर्षांनी मूर्तिकारांना ती सापडली, आवडली, आणि त्यांनी ती उचलून देवाच्या घरात नेऊन बसवली. नाव करूबाचं राहिलं, अंग त्या पोरांचं आलं. काही जुने पंडित मात्र आधीपासूनच म्हणत होते, की करूबाचं तोंड लेकराचंच असतं. खरंखोटं देव जाणे.

"आणि समोरासमोर कशासाठी?" धाकटीनं विचारलं.

"देवाच्या आज्ञा ज्या पेटीत ठेवल्या होत्या तिच्या झाकणावर दोन सोन्याचे करूब होते, बाई. तोंडं एकमेकांकडे, पंख पुढं पसरलेले. देव बोलायचा तो त्या दोघांच्या मधून. मध्ये काही नव्हतं. मोकळी जागा. पण दोघांनी ती मिळून राखलेली." मग ते खजील झाल्यासारखे हसले. "दुसऱ्या एका ठिकाणी दोघेही एकाच दिशेला बघत होते असंही लिहिलंय, ते तुमच्यापासून लपवणं बरं नाही. त्यावर जुने लोक सांगत, माणसांचं बरं चाललं असलं की करूब एकमेकांकडे वळतात, बिनसलं की तोंड फिरवतात."

धाकटीनं नाही म्हणून सांगितलं. साच्यातून निघतं तसं बाळ हवं तर आठ दिवसांत देते. नवं घडवणार नाही. फादरना कारण कळेना. तिनं फक्त एवढंच सांगितलं, की बाबांनी जे केलं नाही ते आपल्यानं होणार नाही. दार महिनाअखेर उघडायचंय, तोवर विचार करा, असं म्हणून फादर पांढरा झगा घेऊन गेले.

खरं कारण तिनं लेकीला रात्रीची भांडी आवरताना सांगितलं. बाबांना दोन बाळं करायची होती, हे तिनं लहानपणी कुठंतरी ऐकलं होतं. एक ही, एक ती. ती गेली म्हणून दुसरं राहिलं. आता त्या जागी कुणाचंतरी तोंड बसवायचं म्हणजे थोरलीच्या जागेवर परक्याला बसवण्यासारखं आहे, आणि थोरलीचं तोंड आपण आणायचं कुठून?

"जुळ्या होतात ना? तुझंच तोंड फिरवून घेऊ," लेक म्हणाली. "मातीला हातही लावू नकोस. फोनमध्ये चारी बाजूंनी टिपलं की उलट करता येतं, आरशात दिसतं तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते केलंसुद्धा. हौदाशेजारचं डोकं उतरवून ओट्यावर ठेवलं, त्याच्याभोवती फोन घेऊन दोन फेऱ्या मारल्या, काहीतरी दाबलं. मग एकदा चित्राकडे, एकदा आईकडे बघत राहिली. धाकटी तेव्हा छताच्या फुलासाठी प्लॅस्टर कालवत होती. ते घट्ट व्हायच्या आत ओतावं लागतं, त्यामुळे तिनं मान वर केली नाही.

"आई, ते राहू दे. इकडे बघ आणि जरा हस."

"प्लॅस्टर बसेल गं."

"बसू दे."

लेकीच्या आवाजात काही होतं म्हणून धाकटी वळली आणि उगाच हसली. लेकीनं तिचा फोटो काढला. मग तिनं दोन चित्रं शेजारी शेजारी लावून आईपुढं धरली. एकात धाकटी, पिकल्या केसांची, हसणारी, डाव्या गालावर खळी. दुसऱ्यात उलट केलेलं बाळ, मान उजवीकडे, डाव्या गालावर खळी. कुणीही म्हणालं असतं, त्या बाळाचीच ही म्हातारी झालेली आहे.

"मग? मीच आहे ती," धाकटी म्हणाली.

"उलट केल्यावर तू आहेस, आई. आधी नव्हतीस."

धाकटी उठून आरशाकडे गेली. प्लॅस्टरनं भरलेलं बोट तिनं आपल्या खळीवर ठेवलं. डावा गाल. आरशात पांढरा ठिपका डाव्या हाताला उमटला. मग ओट्यावरच्या डोक्यापुढं उभी राहून तिनं त्याच्या खळीवर बोट ठेवलं. तिच्या डाव्या हाताला. म्हणजे बाळाचा उजवा गाल. सत्तर वर्षं ती आरशातल्या आपल्याशी त्या बाळाचं तोंड ताडून बघत आली होती, आणि आरसा डाव्याचं डावीकडेच दाखवतो, समोर उभं असलेलं माणूस नाही. जिचा सगळा जन्म साच्यात गेला, कुठली बाजू कुठं पडते हे जी झोपेतही सांगेल, तिनं स्वतःच्या तोंडाचा हा हिशेब कधी मांडलाच नव्हता. मागे बादलीत प्लॅस्टर दगड झालं.

आत्या, बाबांची बहीण, वरच्या मजल्यावर खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती. ब्याण्णव वर्षांची, एका कानानं ठार बहिरी आणि दुसऱ्यानं हवं तेवढं ऐकणारी. धाकटी तिच्या ऐकणाऱ्या बाजूला बसली आणि तिनं सरळ विचारलं, की खाली टांगलंय ते डोकं कुणाचं?

आत्यानं एक शेंग पूर्ण सोलली. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"खळीनं."

"हं. तुम्ही दोघी तशाच होतात. तुझी खळी इकडे, तिची तिकडे. समोरासमोर बसवलं की आरसा ठेवल्यासारखं."

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक, मध्येच शेंगा सोलत. थोरली पहिल्यापासून नाजूक. बसवलं तिथं बसायची, टकमक बघत, म्हणून बाबांनी तिला आधी घेतलं. धाकटीला पाटावर बसवलं की ती माती खायला धावायची. तुला नंतर, चालायला लागून दमलीस की, असं बाबा म्हणायचे. थोरलीचं पुरं झालं, साचा झाला, आणि महिन्याभरात ती गेली. पुढं दोनेक महिन्यांनी बाबांनी माती भिजवली, धाकटीला समोर बसवलं. अर्धा दिवस झाला आणि ते नुसते हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले.

"मी म्हटलं, काय झालं रे? तर म्हणाला, जिवंत पोरीकडे बघतोय आणि हात त्या पोरीचं तोंड करतोय. माती परत हौदात टाकली. पुन्हा कधी विषय काढला नाही."

"आणि आईनं मला खोटं सांगितलं."

"तुला आधी कुठं सांगितलं? लोकांना सांगितलं. दारोदार बाळं लागलेली, जो तो विचारायचा, ही कुठली, गेलेली का राहिलेली. तिला ते ऐकवेना. राहिलेली, म्हणायची. मग तुला कडेवर घेऊनही तेच म्हणायला लागली, तुला ते खरं वाटलं. आम्ही म्हटलं, वाटू दे." आत्यानं वाटाण्यांची थाळी बाजूला सरकवली. "रागावू नकोस, धाकटे. जिच्यावर रागवावं अशी आता मी एकटीच उरलेय."

धाकटी रागावली नाही असं नाही. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. लेक हाका मारायची, ती हूं करायची. चाळीस दारं होती आणि त्यातल्या एकावरही ती नव्हती. लग्नाआधी नवऱ्याकडच्यांनी बघून पसंत केली ती दुसरीच मुलगी होती. हे मनात आलं तेव्हा मात्र तिला एकटीलाच हसू फुटलं. बिचारे, माझ्या धसमुसळेपणाची तक्रार ते जन्मभर का करत होते, ते आत्ता कळलं, असं ती लेकीला म्हणाली, आणि घर पुन्हा बोलायला लागलं.

तिसऱ्या दिवशी ती गावात फिरून आली. बँकेचं दार, नाटकगृह, जुनी शाळा. आधी ती या दारांखालून जायची तेव्हा वर बघून केसांवरून हात फिरवायची, ओळखीच्या आरशापुढून गेल्यासारखी. आज ती प्रत्येक दारापुढं थांबली. ही थोरली. हिची मान अशी. पापण्या जड, झोप आलेल्या. हिला सत्तर वर्षं आपण रोज पुसलं, कानामागची धूळ ब्रशनं काढली, नाक मोडलं तेव्हा नवं लावलं, आणि तोंड कुठं नाही म्हणून हळहळत राहिलो. सगळ्या दारांवर एकच पोर दोनदा बसलेली होती. एकदा ती शेजारी बघायची, तर शेजारी तीच, आणि ती तर रस्त्याकडे बघत असायची. जिच्याकडे बघायचं ती तिथं नव्हतीच. ती हौदात परत टाकलेल्या मातीत राहिली होती.

घरी येऊन धाकटीनं हौदातून माती काढायला सांगितली. लेकीनं फोन पुढं केला, तर तिनं तो मागं सारला. उलट केलेली थोरली म्हणजे थोरलीच, म्हणाली. तशी बसवली तर पुन्हा ती स्वतःकडेच बघत राहील.

पंधरा दिवस ती मातीपुढं बसली. चौदा महिन्यांची आपण कशा होतो हे कुणाला आठवतं? तिनं समोर थोरलीचं डोकं ठेवलं, शेजारी आरसा ठेवला, आणि डावा अंगठा स्वतःच्या गालावर, उजवा मातीवर, असं करत हाड शोधलं. गाल म्हातारा होऊन खाली आला तरी हाड जागचं हलत नाही. पहिली दोन डोकी तिनं मोडली. दोन्ही वेळा थोरलीच आली होती, आणि बाबांचे हात गुडघ्यांवर का पडले ते तिला नीट समजलं. मग ती वर जाऊन आत्याला म्हणाली, आमच्यात फरक काय होता ते सांग, खळी सोडून.

"तुझं तोंड मिटलेलं मी पाहिलं नाही," आत्या म्हणाली. "अजून पाहिलं नाही. खालचे दोन दात आलेले आणि ते जगाला दाखवत फिरायचीस."

तिसऱ्या डोक्याचं तोंड तिनं उघडं ठेवलं. ओठ सुटे, खाली तांदळाएवढे दोन दात, भुवया थोड्या वर, आत्ता काहीतरी धरायला धावेल अशी मान. लेक म्हणाली, हे बाळ दार काय राखणार, हे दार उघडून पळून जाईल. धाकटीला ते पटलं, पण तिनं बदललं काही नाही.

साचा झाला, बाळ ओतलं, वाळलं. फादर बघायला आले ते या वेळी उभेच राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दात असलेला करूब आपण कुठल्याही पुस्तकात पाहिलेला नाही, असं ते शेवटी म्हणाले.

"अंगभर डोळे चालतात, मग दोन दातांनी काय बिघडतंय?" धाकटीनं विचारलं.

फादर वाकून बाळाकडे बघू लागले. मग त्यांनी विचारलं, ही कोण? त्यांना वाटलं होतं तिची एखादी नात असेल. धाकटी म्हणाली, मी. आणि तुमच्या दारावर राहिलेली ती माझी बहीण. फादर शेजारी ठेवलेल्या थोरलीच्या मिटल्या तोंडाकडे आणि नव्या बाळाच्या उघड्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिले, आणि त्यांनी दातांचा विषय पुन्हा काढला नाही.

बसवायच्या दिवशी धाकटी हट्टानं बांबूच्या परांचीवर चढली. खालून लेक ओरडत होती, वयाचा तरी विचार कर. दोन गवंड्यांनी बाळ उचलून जागेवर टेकवलं आणि विचारलं, बरोबर? धाकटीनं खिशातून दोरा काढला. ही बाबांची पद्धत. कंगोरे सरळ रेषेत आहेत का ते असं बघत. एक टोक तिनं लेकीला शिडीवरून थोरलीच्या डोळ्याच्या बुबुळावर धरायला सांगितलं, आणि दुसरं टोक थोरलीच्या नजरेच्या रेषेत ताणून इकडे, आपल्या बाळाकडे आणलं. दोरा बाळाच्या कपाळावर आला. दोन बोटं वर.

"बाई, खालून कुणाला कळणार आहे?" एक गवंडी म्हणाला.

तिनं बाळ उचलायला लावलं, खालून दोन बोटांची पाचर सरकवली, बाळ तेवढं वर झालं. पुन्हा दोरा. या वेळी तो बुबुळावर येऊन टेकला, सरळ, दाराच्या मोकळ्या जागेवरून आरपार. खाली पायऱ्यांवरून माणसं आतबाहेर करत होती. एकानं वर बघून डोकं उगाच खाली वाकवलं, दोरा इतका उंच असूनही.

लेकीनं तिकडून विचारलं, सोडू का. धाकटी दोऱ्याचं आपल्याकडचं टोक धरून उभी होती. म्हणाली, थांब जरा, सिमेंट धरू दे.